रानातील खाद्य वनस्पतींचा पाठ आणि पुस्तकाची मर्यादा

मृगाच्या सरी कोसळून गेल्या आणि बांधांवर हिरवे दिसू लागले की ग्रामीण शाळांतून परिसर अभ्यासाच्या तासाला रानभाज्यांचा विषय ओघानेच निघतो. पूर्वी या विषयासाठी शिक्षकाजवळ स्वतःच्या माहितीवाचून दुसरे साधन नसे. आता तशी स्थिती राहिलेली नाही. रंगीत चित्रांची पुस्तके निघाली आहेत, कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांतून माहितीपत्रके वाटली जातात, आणि पानाचा फोटो काढताच वनस्पतीचे नाव सांगणारी साधने मोबाईलवर येऊन बसली आहेत. साधने वाढली ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ती हाती घेऊन तीस-चाळीस मुलांसह बांधावर जाणारा शिक्षक बहुधा बाहेरगावचा असतो, आणि त्या रानाची व त्याची ओळख नवी असते. अशा वेळी पुस्तकावर किती भार टाकावा याचा विचार आधी झालेला बरा.

रानात वावरण्याची विद्या ही एकच एक विद्या नव्हे. तिचे काही भाग पुस्तकावरून उत्तम शिकता येतात. गाठी मारणे, चूल मांडून ओल्या दिवसांत विस्तव पेटविणे, सावलीवरून दिशा काढणे, नकाशा वाचणे हे त्यांपैकी होत. बेडन-पॉवेल यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक १९०८ साली प्रथम भागाभागांनी प्रसिद्ध झाले, आणि ते वाचून कोणा प्रशिक्षित माणसावाचून मुलांनी आपापले संघ उभे केले. हे शक्य झाले याचे कारण या कौशल्यांत चूक झाली तर ती वस्तूच शिकणाऱ्यास सांगते. गाठ चुकली तर सुटते. चूल चुकली तर धूर होतो. दिशा चुकली तर ओळखीचा डोंगर भलत्या बाजूस दिसतो. मूल पुन्हा पुस्तक उघडते आणि चूक दुरुस्त करते. नुकसान झालेच तर काडेपेटीतील चार काड्यांचे.

येथेही पुस्तक कोणत्या देशात लिहिले गेले हे पाहावे लागते. युरोपात लिहिलेल्या पुस्तकांत ध्रुवतारा आकाशात बराच उंच दाखविलेला असतो. एखाद्या ठिकाणचे अक्षांश जितके, जवळजवळ तितकेच अंश ध्रुव तेथे क्षितिजाच्या वर दिसतो. महाराष्ट्रात तो सुमारे सोळा ते बावीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतकाच वर असतो, आणि डोंगराआड वा झाडीआड सहज लपतो. सप्तर्षी बारा महिने रात्रभर दिसतात हे त्या पुस्तकांतील विधानही आपल्याकडे लागू नाही. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी ते मावळलेले असतात आणि शर्मिष्ठेवरून उत्तर शोधावी लागते. तथापि हा दोष मुलांच्याच ध्यानात आणून देता येतो. किंबहुना एका चांगल्या पाठाची ती सामग्री आहे.

खाण्याच्या वनस्पतींची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. तेथे चूक ताबडतोब कळत नाही. पुष्कळदा चव गोड लागते, पोट भरते आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, परिणाम दिसू लागतो. तोपर्यंत दुरुस्तीची संधी निघून गेलेली असते. म्हणून गाठ जशी पुस्तकावरून शिकवावी तशी भाजी शिकवू नये, हा भेद शिक्षकाने प्रथम मनाशी पक्का करावयास हवा.

पुस्तक या बाबतीत अपुरे का पडते? लेखकाच्या निष्काळजीपणामुळेच असे नव्हे. त्याचे मुख्य कारण वनस्पती ओळखण्याच्या शास्त्रीय पद्धतीतच आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला प्रसिद्ध ग्रंथ घ्या किंवा त्यानंतरचे कोणतेही शास्त्रीय पुस्तक घ्या, ओळखीचा मुख्य आधार फूल आणि फळ हा असतो. भाजी मात्र फूल येण्यापूर्वी खुडली जाते. टाकळा आषाढात वीतभर असतानाच कोवळा खुडतात. त्यास पिवळी फुले येऊन शेंगा धरल्या म्हणजे तो भाजीच्या कामाचा राहत नाही. कुर्डूची गोष्ट तीच. तिचे गुलाबी-पांढरे तुरे चित्रात फार शोभतात, परंतु भाजी करणारी स्त्री तुरा कधी पाहतच नाही. तिला चार पानांची कुर्डू गवतातून वेगळी काढता येते. शेवळ्याचा प्रकार तर उलटाच आहे. त्याचा जांभळट तपकिरी कोंब पावसाच्या तोंडाशी जमिनीतून आधी वर येतो आणि पान मागाहून येते. पानाचे चित्र घेऊन शेवळे शोधावयास निघालेल्यास शेवळ्याचा हंगाम संपल्यावरच ते सापडेल.

फोडशीचे उदाहरण अधिक काळजीचे आहे. पहिल्या पावसात कातळाच्या कडेला आणि झाडीत तिची लांबट, गवतासारखी पाने वर येतात. त्याच सुमारास कोलकांद्याचीही पाने येतात. कोलकांद्यास रानकांदा असेही म्हणतात. त्याच्या कांद्यात हृदयावर घातक परिणाम करणारी द्रव्ये असतात. त्याची फुले उन्हाळ्यातच येऊन गेलेली असल्याने पावसाळ्यात ओळखीसाठी फूल हाती नसते. नुसत्या पानांच्या चित्रावर विसंबणाऱ्याने काय करावे? जाणती माणसे झाड मुळासकट उपटून पाहतात. फोडशीखाली मुळ्यांचा झुबका असतो, तर कोलकांद्याखाली चांगला थोरला कांदा. ही खूण जमिनीखालची असल्यामुळे चित्रकाराने बहुधा ती गाळलेली असते आणि मोबाईलच्या फोटोत तर ती येणेच शक्य नाही.

नावांचा घोटाळा हा आणखी एक. कोकणात ज्यास टाकळा म्हणतात त्यास विदर्भात तरोटा म्हणतात, येथवर ठीक आहे. परंतु कासविंदा या वेगळ्याच वनस्पतीस काही भागांत रानटाकळा म्हणतात. दोन्ही एकाच कुळातील, दोन्हींची फुले पिवळी, दोन्ही उकिरड्याच्या कडेला वाढणारी. पुस्तकात ‘टाकळा’ वाचून आलेल्या नवख्यास रानटाकळा हा त्याचाच एखादा प्रकार वाटला तर नवल नाही. फरक पाहावयाचा तर पानांकडे पाहावे: टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असून त्यांची टोके बोथट, गोलसर असतात, कासविंद्याच्या पर्णिका चार-सहा जोड्यांच्या आणि टोकदार असतात. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली, तर कासविंद्याची चपटी, फिकट कडांची असते. लॅटिन नावे पाठ केल्याने हा प्रश्न मिटेल असेही नाही. जुन्या पुस्तकांत ही दोन्ही ‘कॅसिया’ म्हणून सापडतात, नव्यांत ‘सेना’ म्हणून.

हा भेद केवळ पंडितांचा नव्हे. पश्चिम उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांत पावसाळा सरल्यापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत लहान मुले वर्षानुवर्षे अकस्मात आजारी पडत आणि दोन-चार दिवसांत दगावत. तो मेंदूज्वर असावा असा समज होता आणि विषाणूचा शोध चालू होता. डॉ. विपिन वशिष्ठ व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या आजाराचा संबंध कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाण्याशी असल्याचे दाखवून दिले. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर त्या विषाचा परिणाम होतो. घराच्या परसात उगवणारे झुडूप, खेळता खेळता सोललेली शेंग, आणि काय झाले हे सांगण्याचे वय नसलेले मूल. ज्या शाळेच्या आवारात कासविंदा आहे त्या शाळेच्या शिक्षकाने तो शेंग धरण्यापूर्वी उपटून टाकावा.

ओळख पटली म्हणजे काम संपले असेही नाही. पुष्कळ रानवनस्पती एका रीतीने अन्न आणि दुसऱ्या रीतीने अपाय असतात. शेवळ्याच्या आतील पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि भाजीत काकडाची आंबट फळे अथवा चिंच-कोकम घालावे लागते. नाहीतर घसा विलक्षण खाजतो. कडू करांद्यांचे काप राखेच्या पाण्यात उकडून, पाणी बदलून, कोठे रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाण्याजोगे होतात. हे किती वेळ करावयाचे हे घड्याळावर ठरलेले नसते. कापाचा रंग, पाण्याचा फेस आणि जिभेच्या टोकाला लागणारी चव यांवरून ते ठरते. ‘स्वच्छ धुऊन शिजवावे’ या छापील वाक्यात ती सर्व विद्या मावत नाही.

पुस्तकाच्या बोलण्याइतकेच त्याचे मौनही वाचता आले पाहिजे. अमेरिकेत गाजलेले एक प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ख्रिस्तोफर मॅकँडलेस हा चोवीस वर्षांचा सुशिक्षित तरुण एप्रिल १९९२ मध्ये अलास्काच्या निर्जन प्रदेशात एकटाच राहावयास गेला. तेथील देनाइना लोक वनस्पतींचा कसा उपयोग करतात याची माहिती देणारे एक चांगले, विश्वसनीय पुस्तक त्याच्याजवळ होते. त्याच्या आधारे तो एका वनस्पतीची मुळे कित्येक आठवडे खात होता आणि त्याला अपाय झाला नाही. पुढे मुळे जून झाली तेव्हा त्याने त्याच वनस्पतीच्या बिया गोळा करून खाण्यास आरंभ केला. पुस्तकात मुळे खाद्य आहेत असे स्पष्ट लिहिले होते. बियांविषयी होकारही नव्हता आणि नकारही नव्हता. जुलैच्या अखेरीस त्याने आपण अत्यंत अशक्त झाल्याची आणि दोष बियांचा असल्याची नोंद रोजनिशीत केली. ऑगस्टमध्ये तो मरण पावला. त्याचे चरित्र लिहिणारे जॉन क्राकॉर यांना प्रथम वाटले की त्याने दोन सारख्या वनस्पतींत गल्लत केली. पुढे त्यांनी ते मत सोडले, मध्यंतरी आपल्याकडील लाखेच्या डाळीत आढळणाऱ्या द्रव्याचा संशय घेतला आणि २०१५ मध्ये आणखी एका द्रव्याकडे बोट दाखविले. बियांनी मृत्यू ओढवला की निव्वळ उपासमारीने, याविषयी अद्याप मतभेद आहेत. परंतु देनाइना म्हातारीला बियांविषयी प्रश्न विचारता आला असता; पुस्तकाला तो विचारता आला नाही, एवढे निश्चित आहे.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. जूनमध्ये त्याने एक मोठा मूस, म्हणजे सांबराच्या जातीचा प्राणी मारला. मांस धुरावर टिकवावे असा सल्ला त्याला दूरच्या साउथ डकोटा राज्यातील शिकाऱ्यांनी दिला होता. त्याप्रमाणे तो करीत राहिला आणि बहुतेक मांस किडे पडून वाया गेले. अलास्कातील शिकारी मांसाच्या पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर वाळवितात. म्हणजे तोंडी ज्ञान तेवढे खरे आणि छापील तेवढे खोटे, असा निष्कर्ष काढू नये. तोंडी ज्ञानासही आपले गाव असते. आणि त्या तरुणाजवळ प्रदेशाचा तपशीलवार छापील नकाशा असता तर पुराच्या नदीवर थोड्याच अंतरावर असलेली तारेची पाळण्यासारखी सोय त्याला सापडण्याचा संभव होता.

आता वर्गातील योजना. पाठाचा आरंभ पुस्तकाने न करता गावातील जाणत्या व्यक्तीने करावा. ही व्यक्ती बहुधा एखादी वृद्ध स्त्री असते. सह्याद्रीच्या पट्ट्यातील शाळांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली कुटुंबांतील आजीबाई, तर मेळघाटात व गडचिरोलीत कोरकू, गोंड कुटुंबांतील आजीबाई या विषयाच्या खऱ्या अध्यापिका होत. त्यांना सन्मानाने शाळेत बोलवावे, बसावयास खुर्ची द्यावी, आणि शक्य तर त्यांच्याबरोबर रानात जावे; कारण वर्गाच्या टेबलावर ठेवलेली जुडी पाहून जे आठवत नाही ते ओढ्याच्या काठी उभे राहिल्यावर आठवते. ज्या मुलाला भागाकार येत नाही म्हणून वर्गात मागे बसावे लागते त्याचीच आजी असेल तर त्या दिवशी त्या मुलाचे बसण्याचे स्थान बदलते. हा लाभ वनस्पतिशास्त्राहून लहान नाही.

प्रश्न कसे विचारावेत यास महत्त्व आहे. “आजी, हिचे नाव काय?” येथेच बहुतेक पाठ थांबतात. नाव तर पुस्तकातही आहे. मुलांनी विचारावे ते असे : “आजी, ही कोणत्या पावसापर्यंत खायची? कोणता भाग टाकून द्यायचा? हिच्यासारखी दिसणारी पण न खायची कोणती? ती इथे दाखवाल का? कोणी खाऊ नये? एकदा कडू लागली तर काय करायचे?” यांतील ‘न खायची कोणती’ हा प्रश्न सर्वांत मोलाचा होय. आजींनी दोन्ही झाडे शेजारी शेजारी उपटून दाखविली की जो पाठ होतो तो कोणत्याही तक्त्याने होत नाही. उत्तरे मुलांनी आजींच्या बोलीतच लिहून घ्यावीत; शिक्षकाने ती प्रमाण भाषेत सुधारण्याची घाई करू नये. बोलीतील एखाद्या शब्दात पानाची नेमकी अवस्था सांगितलेली असते आणि सुधारताना तीच नाहीशी होते.

रानात किंवा वर्गात कोणत्याही मुलाने कोणतीही वनस्पती चाखू नये, शिक्षकानेही चाखून दाखवू नये. भाजी शिजावयाची ती घरी, घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातून. हा नियम पाठाच्या आरंभीच सांगावा आणि त्यास अपवाद ठेवू नये.

यानंतर पुस्तकाची पाळी येते, आणि तेथे त्याचे काम खरोखर मोठे आहे. आजींनी दाखविलेली वनस्पती पुस्तकात शोधावी, वर्णन ताडून पाहावे, न जुळणाऱ्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. पुस्तकास नकाराचा अधिकार द्यावा, एकट्याने होकार देण्याचा देऊ नये. पुस्तक अपायकारक म्हणत असेल तर गाव खात असले तरी शाळेने थांबावे आणि अधिक चौकशी करावी. गाव नको म्हणत असेल तर पुस्तकातील रुचकर पाककृती बाजूस ठेवावी. मोबाईलने सांगितलेल्या नावास या व्यवहारात केवळ सूचनेचे स्थान आहे. त्यावरून शोध सुरू करावा, संपवू नये.

शाळेची एक ‘रानवही’ असावी. प्रत्येक वनस्पतीस दोन पाने द्यावीत. रद्दीच्या कागदात दाबून वाळविलेला कोवळा नमुना डाव्या पानावर, आणि तीच वनस्पती फुलावर आली म्हणजे भाद्रपदात किंवा त्यानंतर घेतलेला दुसरा नमुना त्याशेजारी डकवावा. उजव्या पानावर तारीख, जागा, स्थानिक नावे, सांगणाऱ्याचा उल्लेख, खाण्याचा भाग, टाकण्याचा भाग, आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वनस्पती. कोवळी अवस्था आणि फुलाची अवस्था एका पानावर दाखविणारी पुस्तके फार थोडी आहेत. ही उणीव चौथीचा वर्ग दोन वर्षांत आपल्या गावापुरती भरून काढू शकतो. नमुना घेताना एका जागी चार झाडे असतील तर एकच घ्यावे. कंद विनाकारण उकरू नयेत.

एक गोष्ट मात्र आजींसही ठाऊक नसण्याचा संभव आहे. ज्या बांधावर त्यांनी आयुष्यभर घोळ आणि तांदुळजा खुडला त्या बांधावर आता तणनाशक फवारलेले असू शकते. भाजी ओळखीची, हंगाम बरोबर, तरीही ती खाण्याजोगी नव्हे. शेताच्या मालकास विचारल्याखेरीज बांधावरची भाजी घेऊ नये. सांडपाण्याच्या कडेची आणि मोठ्या रस्त्याच्या कडेची तर घेऊच नये.

अळंबी हा विषय प्राथमिक शाळेच्या पाठातून पूर्णपणे वगळावा. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, किड्याने खाल्ले तर निर्विष, शिजविले की विष जाते, या तिन्ही समजुती खोट्या आहेत. काही घातक अळंब्यांचा परिणाम दिसू लागण्यास सहा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. त्याचप्रमाणे, अनोळखी पाला आधी कातडीला, मग ओठाला, मग जिभेला लावून तासन्‌तास वाट पाहण्याची जी कसोटी परदेशी लष्करी पुस्तिकांत दिलेली असते ती स्काउट-गाइडच्या शिबिरांत कोणी हौसेने करून दाखवू नये. ती सैनिकासाठी, दुसरा कोणताच मार्ग उरला नसता योजलेली आहे, आणि अळंब्यांना ती मुळीच लागू पडत नाही.

शाळेच्या आवाराची पाहणी पाठापूर्वी करावी. कुंपणाला लावलेला मोगली एरंड, ज्यास चंद्रज्योत असे सुंदर नाव आहे, त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि म्हणूनच मुले त्या वाटून खातात. उलट्या, पोटदुखी आणि जुलाब होऊन एकाच वेळी अनेक मुले रुग्णालयात न्यावी लागल्याच्या घटना महाराष्ट्रात पुनःपुन्हा घडल्या आहेत. कळलावीचे लाल-पिवळे फूल मुलांना ओळखावयास शिकवावे, कारण तिचा कंद रताळ्यासारखा वाटू शकतो आणि तो प्राणघातक आहे. पानाच्या टोकाचा वळलेला ताणा ही फुलाशिवायची तिची खूण. गणिताच्या पेटीत मोजण्यासाठी गुंजा ठेवलेल्या असतील तर त्या काढून तेथे चिंचोके ठेवावेत. अख्खी गुंज कठीण कवचामुळे पुष्कळदा तशीच पोटातून निघून जाते, परंतु चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज अत्यंत विषारी असते.

इतके करूनही एखाद्या मुलाने काही खाल्ल्याचे कळले तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. तोंडात उरलेले काढून चूळ भरवावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करविण्याची जुनी रीत सोडून द्यावी. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा किंवा मिळेल त्या वाहनाने मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. खाल्लेल्या वनस्पतीची फांदी, शेंग किंवा बी, मुळासकट मिळाल्यास उत्तम, सोबत घ्यावी; खाल्ल्याची वेळ कागदावर लिहून ती डॉक्टरांच्या हाती द्यावी; आणि आणखी कोणी खाल्ले आहे काय, हे बरोबरच्या सर्व मुलांस रागावल्याविना विचारावे. भीतीने गप्प राहिलेले मूल बहुधा घरी गेल्यावर आजारी पडते.